जतन करणे हाही संस्कारच!



गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आमच्या घरी घडलेला एक प्रसंग सांगतो. आठवीतल्या माझ्या मुलीने शाडूच्या मूर्तीऐवजी संगणकावर गणपती घडवायचे ठरवले. पडद्यावर मातीसारखा एक गोळा दिसतो. माऊसने किंवा पेनने तो दाबायचा, ओढायचा, गुळगुळीत करायचा आणि त्यातून आकार काढायचा. यालाच डिजिटल शिल्पकला म्हणतात. चार रविवार ती त्या मूर्तीपुढे बसली होती. सोंड छान वळली, कानांना जिवंतपणा आला, आता फक्त मुकुटाची नक्षी राहिली होती. दुपारी तिने सकाळपासूनचे काम सेव्ह करायला घेतले आणि नेमकी त्याच क्षणी बत्ती गुल! वीज परत आली, पण फाइल उघडेना. फाइल एकच होती, आणि तीही अर्धवट लिहिली गेलेली.

पोरगी रडली नाही. तिने संगणक बंद केला आणि पुढचे दोन महिने त्याला हात लावला नाही. मी मात्र बोलून गेलो, "परत कर, त्यात काय! माती थोडीच वाया गेली आहे?" त्या वाक्याची आज मला लाज वाटते. माती वाया गेली नव्हती, पण मेहनत गेली होती, आणि मेहनत तर खरीच असते.

दोष तिचा नव्हता, आमचा होता. झोपण्यापूर्वी गॅसचे बटण बंद करावे, बाहेरून आल्यावर पाय धुवावेत, हे आपण मुलांना शिकवतो. केलेले काम नीट जतन करावे, हे कोणी शिकवत नाही.

मातीत काम करणाऱ्यांना ही शिस्त कोणी वेगळी शिकवावी लागत नसे. आपल्याच प्रदेशात, धारला, पद्मश्री रघुनाथ कृष्ण फडके यांचा स्टुडिओ आहे. मुंबईच्या गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्य टिळकांचा पुतळा त्यांच्याच हातचा. अशा कोणत्याही शिल्पकाराच्या कामाची रीत पाहा. संध्याकाळी काम थांबवताना मातीवर ओले कापड टाकायचे, नाहीतर सकाळी माती सुकून तडकलेली असते. मूर्ती मनासारखी झाली की तिच्यावरून प्लॅस्टरचा साचा घ्यायचा, कारण माती टिकणारी नव्हे. साचा सोडवताना मूळ माती पुष्कळदा मोडते, पण आकार साच्यात राहिलेला असतो. त्या साच्यातून प्लॅस्टरची प्रत काढायची आणि मगच कांस्याचे ओतकाम. म्हणजे ओले कापड हे रोजचे सेव्ह आणि साचा ही सुरक्षित प्रत! संगणकाने हे काम सोपे केले आणि आपण नेमके तेच विसरलो.

आता थोडे तंत्राविषयी. पडद्यावरची मूर्ती लहान लहान चौकोनी तुकड्यांची बनलेली असते. बारीक नक्षी हवी म्हणून ती आणखी बारीक विभागली की प्रत्येक तुकड्याचे चार होतात. सुरुवातीला १,००० तुकडे असतील, तर पाच वेळा विभागल्यावर ते १०,२४,००० होतात. साधा संगणक अशा वेळी दमतो, अडकतो, कधी बंदही पडतो. म्हणून विभागणी करण्याच्या आधी सेव्ह करावे, नंतर नव्हे. तसेच मोठा बदल करण्यापूर्वी फाइलला नवा क्रमांक द्यावा: गणपती ०१, गणपती ०२, गणपती ०३. एकाच फाइलवर पुन्हा पुन्हा सेव्ह करण्यात दुसराही एक धोका आहे. सोंड चुकून बिघडली आणि त्यावरच सेव्ह झाले, तर बिघाडच जतन होतो.

आणखी एक फसगत सांगतो. झी-ब्रश या प्रसिद्ध सॉफ्टवेअरमध्ये 'डॉक्युमेंट' सेव्ह केले, तर पडद्यावरचे चित्र जतन होते, मूर्ती नव्हे. मूर्तीसाठी 'टूल' किंवा 'प्रोजेक्ट' सेव्ह करावे लागते. नवशिक्यांचे कष्ट यात पाण्यात जातात. आपण काय जतन करत आहोत हे एकदा फाइल बंद करून, पुन्हा उघडून पाहावे. तेव्हाच खात्री होते.

कोणी म्हणेल, हल्ली सगळे आपोआप सेव्ह होते, मग एवढा आटापिटा कशाला? ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मूळ मांडणीनुसार दर दोन मिनिटांनी एक प्रत आपोआप ठेवली जाते, हे खरे. पण ती ठेवली जाते त्याच संगणकाच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये. संगणकच बिघडला, तर प्रतही त्याच्याबरोबर जाते. इंटरनेटवरच्या साठवणीचे म्हणाल, तर ती पुष्कळदा आरशासारखी असते. इकडे फाइल पुसली की काही वेळात तिकडचीही पुसली जाते. आपोआप होणारी व्यवस्था मदतीला ठेवावी, भरवशाला नव्हे.

मोठमोठ्यांचीही यात फजिती झाली आहे. अमेरिकेतील पिक्सार या स्टुडिओत १९९८ साली 'टॉय स्टोरी २' हा चित्रपट तयार होत असताना एका चुकीच्या आज्ञेमुळे त्याचा बहुतांश भाग संगणकावरून पुसला गेला. सुरक्षित प्रती घेण्याची व्यवस्था होती, पण ती नीट चालत नाही हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. बाळंतपणामुळे घरून काम करणाऱ्या गॅलिन सस्मन यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, म्हणून काम वाचले. प्रत असणे पुरेसे नाही, ती उघडते की नाही हे पाहिलेले असावे लागते, आणि एक प्रत दुसऱ्या छपराखाली असावी लागते.

दुसऱ्या छपराचे महत्त्व आम्हा भोपाळकरांना वेगळे सांगायला नको. १२ जून २०२३ रोजी सतपुडा भवनाला लागलेली आग आपण सर्वांनी पाहिली. हजारो फायली त्यात जळाल्या. ज्या कागदाची दुसरी प्रत कुठेच नव्हती, तो गेला तो गेलाच.

म्हणून शाळेपुढे मी तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली विश्वस्तांना: संगणक कक्षाच्या प्रत्येक यंत्राला यूपीएस असावा, म्हणजे वीज गेल्यावर सेव्ह करण्यापुरता वेळ मिळेल. शिवाय दोन बाह्य हार्ड डिस्क घ्याव्यात. दर शनिवारी सर्व मुलांचे काम आलटून पालटून त्यांवर उतरवावे आणि एक डिस्क नेहमी शाळेबाहेर राहावी. हा खर्च स्नेहसंमेलनाच्या मंडपाहून नक्कीच कमी आहे.

दुसरी सूचना शिक्षकांना. तासाला दर पंधरा मिनिटांनी एक घंटी वाजवावी आणि सर्वांनी एकदम सेव्ह करावे. प्रकल्प तपासताना शेवटच्या फाइलबरोबर आधीच्या दोन क्रमांकांच्या फायलीही मागाव्यात व त्यांना थोडे गुण द्यावेत. ज्याचे काम खरोखर बुडाले, त्याला मात्र शून्य देऊ नये. जुन्या फायली पाहून त्याचे कष्ट मोजावेत.

तिसरी सूचना आम्हा पालकांना. मुलाचे काम गेले, तर "त्यात काय" म्हणू नये. त्याच्याजवळ बसावे. आणि पेनड्राइव्ह यंत्रातून खसकन ओढण्याची सवय आधी आपण सोडावी!

माझ्या मुलीने दिवाळीनंतर तो गणपती पुन्हा सुरू केला. या वेळची सोंड पहिल्यापेक्षा थोडी वेगळी झाली आहे. पहिलीच चांगली होती असे ती म्हणते, आणि मी वाद घालत नाही. फाइलचा क्रमांक आता १४ वर पोहोचला आहे. एक प्रत आजीच्या घरी, जुन्या संगणकावर आहे. जेवायला हाक मारली की आतून उत्तर येते, "आले बाबा, आधी सेव्ह करते." ताट निवते, पण आम्ही थांबतो.

— एक पालक