लाकडाचं कूळ विचारणारे

"सर, महोगनी घेऊ की रोझवूड?"

हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला इतक्या वेळा आला आहे की त्यावर लिहायलाच हवं. विचारणारे बहुतेक माझे माजी विद्यार्थी. कुणी आकुर्डीला डिप्लोमा करतोय, कुणी चाकण एमआयडीसीत ट्रेनी आहे, खराबवाडीत किंवा म्हाळुंग्यात एका खोलीत चौघं मिळून राहतो. मी वर्गात कविता शिकवताना चाल आणि मात्रा धरायला एक लहान गिटार जवळ ठेवतो, एवढ्यावरून पोरांनी मला जाणकार ठरवलं आहे. त्यांना मोठी गिटार नको असते, ठेवायला जागाच नसते. लोकलमध्ये, कंपनीच्या बसमध्ये, सुट्टीला गावी जाताना बरोबर नेता येईल अशी छोटी, 'ट्रॅव्हल' म्हणून विकतात तशी गिटार हवी असते. 30 जानेवारी 2025 ला एड शीरन पुण्यात गाऊन गेला. त्याने उमेदीची वर्षं अशाच एका छोट्या गिटारवर काढली. त्यामुळे त्या आकाराला पोरांच्या नजरेत वजन आलं आहे.

पैसे ओव्हरटाइमचे असतात, महिनोन्‌महिने बाजूला टाकलेले. आणि पहिला प्रश्न कोणता, तर लाकूड कोणतं. आवाज कसा आहे, बोटांना सोपी जाते का, दोन पावसाळे टिकेल का, हे कुणी विचारत नाही.

पोरांचा यात दोष नाही. विकणारे तसंच विकतात. रोझवूड म्हणजे 'खोल' आवाज, महोगनी म्हणजे 'उबदार', मेपल म्हणजे 'चमकदार'. ऐकायला छान वाटतं. पण हे रोझवूड म्हणजे काय हे कुणी सांगत नाही. जगातल्या कितीतरी नामांकित गिटारींच्या पाठीला जे इंडियन रोझवूड असतं, ती आपली शिसव. ज्याचे पलंग आणि पेट्या जुन्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या पडून आहेत, तेच काळसर जड लाकूड. ब्राझीलने आपल्या रोझवूडचे ओंडके बाहेर पाठवणं थांबवलं, तेव्हा अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने 1969 च्या सुमारास हिंदुस्थानी शिसव धरली आणि मग सगळा धंदाच तिकडे वळला. आणि महोगनी? वनस्पतिशास्त्रात महोगनी, सपेली आणि आपला तून हे एकाच कुळातले, आणि त्या कुळात अंगणातला कडुनिंबही येतो. ज्या नावापुढे पोरगं दबून जातं, ते कडुनिंबाचं भावंड आहे.

आता आवाज. तार छेडली की तिची थरथर घोडीतून वरच्या फळीत उतरते. आवाज मुख्यतः ही वरची फळी करते. म्हणूनच ती हलकी आणि तरीही ताठ असावी लागते. त्यासाठी स्प्रूस वापरतात, थंड प्रदेशातलं सूचिपर्णी झाड. त्याचं वजन शिसवीच्या साधारण निम्मं. पाठ आणि बाजू यांचं काम प्रामुख्याने आतली हवा कोंडून धरण्याचं. आंतोनियो दे तोर्रेस हा स्पेनचा कारागीर, आजच्या गिटारचा आकार त्याने घडवला. त्याने 1862 मध्ये एक गिटार बनवली, वरची फळी स्प्रूसची आणि पाठ-बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या पुठ्ठ्याची. ती आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. त्याला जे दाखवायचं होतं ते दीडशे वर्षांनी इंग्लंडमधल्या संशोधकांनी मोजून पाहिलं. एकाच कारागिराने सहा गिटारी बनवल्या, सगळं सारखं, फक्त पाठ आणि बाजूंचं लाकूड वेगळं: ब्राझिली रोझवूड, आपली शिसव, महोगनी, मेपल, सपेली, अक्रोड. 52 वादकांना त्या अंधाऱ्या उजेडात, डोळ्यांवर वेल्डिंगचे गॉगल चढवून वाजवायला दिल्या. त्यांनी दिलेल्या गुणांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. अभ्यास 2018 मध्ये छापून आला. महागडं ब्राझिली लाकूड कानाने वेगळं काढता आलं नाही.

मला सगळ्यात आवडतो तो किस्सा मात्र आपल्या पट्ट्यात चपखल बसणारा आहे. चाकणच्या कुठल्याही कंपनीच्या मागच्या गेटला पाईनच्या पॅलेट्सची थप्पी असते. त्यांवर कीड मारल्याचा एचटीचा शिक्का असतो. त्या मोडल्या की भंगारात जातात. कुदळवाडीत अशा लाकडावर कितीतरी घरं चालायची. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने तिथली हजारो बांधकामं पाडली, त्यात भंगाराची दुकानं आणि छोटे कारखाने गेले. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. तर अशाच एका टाकाऊ ओकच्या पॅलेटमधून बॉब टेलर या अमेरिकन गिटार-उत्पादकाने 1995 मध्ये गिटार बनवली. वरची फळीही बांधकामाच्या साध्या लाकडाची. पट्टीवर शिंपल्याची नक्षी काय, तर फोर्कलिफ्टची! लाकडापेक्षा बनवणाऱ्याचा हात मोठा, एवढंच त्याला म्हणायचं होतं. गिटार चांगली वाजते, त्यामुळे वाद घालणाऱ्यांची पंचाईत झाली.

हा दाखला अमेरिकेतून आणायची खरं तर गरज नव्हती. आपल्याकडे मिरज आहे. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही वाद्यं करणारी घराणी मूळची शिकलगारांची. शिकलगार हा शब्द फारसी 'सैकल'वरून आला, सैकल म्हणजे धार आणि चकाकी. तलवारी, भाले घासूनपुसून धारदार करणारे हे लोक. राजेरजवाड्यांची हत्यारं थंडावली तसे एकोणिसाव्या शतकात ते वाद्यांकडे वळले. त्यात फरीदसाहेबांचं नाव पहिलं घेतात. पुढे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेतच राहिले. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या स्मृतीत आजही गायन होतं.

मिरजेचा कारागीर तूनचं लाकूड घेतो आणि पंढरपूरकडचा भोपळा. तो लाकूड पारखतोच, नाही असं नाही. किती वाळलंय, रेषा सरळ आहे का, गाठ कुठे आहे, हे तो बोटांनी चाचपतो. पण तंबोऱ्याचा जीव शेवटी जवारीत असतो. घोडीच्या माथ्याला कानसेने इतका हलका उतार द्यायचा की तार तिला पुसटशी घासत राहावी आणि सूर गुंजत उठावा. केसभर जास्त घासलं तर आवाज खरखरतो, कमी घासलं तर मुका राहतो. त्याच लाकडाचे, त्याच भोपळ्याचे दोन तंबोरे जवारीवरून वेगळे होतात. प्रवासासाठी मिरजेचे लोक भोपळ्याशिवायचा चपट्या पेटीचा तंबोराही करतात. घुमारा थोडा कमी, पण एसटीत नेता येतो. जाणकार गायक त्याला नाक मुरडत नाहीत, तो कसा जुळलाय ते बघतात.

भाषेचा मास्तर आहे, म्हणून एक सांगून घेतो. सतार म्हणजे फारसी 'सेहतार', तीन तारांची. गिटारही स्पेनमध्ये अरबी 'कीथारा'वरून आली आणि अरबांनी तो शब्द ग्रीकांकडून घेतला होता. काही वाचक आता विचारतील की मुसलमान पोराने वाद्य घ्यावं का. तो वाद शेकडो वर्षांचा आहे आणि दोन्ही बाजूंना मोठे आलिम आहेत. ज्याला पटत नाही त्याने घेऊ नये. पण मिरजेच्या शिकलगारांनी सहा-सात पिढ्या ज्यावर हलाल रोटी कमावली, त्या कामाला कुणी हलकं म्हणत असेल तर ते मी ऐकून घेणार नाही. हलकं म्हणण्याची सवय आपल्याकडे जुनीच आहे. लग्न जुळवताना शेख का सय्यद, पिंजारी का शिकलगार, हे आधी विचारायचं आणि पोरगा करतो काय हे नंतर. गिटारच्या दुकानात 'रोझवूड का' असं पहिलं विचारलं जातं तेव्हा मला तोच सूर ऐकू येतो.

आता छोट्या गिटारचं. तिथे तर पाठीच्या लाकडाचं कौतुक आणखीच फोल ठरतं. नेहमीच्या गिटारची तार साधारण साडेपंचवीस इंच लांब असते, छोट्या गिटारींत तेवीसच्या आसपास. तोच सूर आखूड तारेवर लावला की ताण जवळजवळ 18 टक्क्यांनी उतरतो. तार सैल राहते, जोरात वाजवली की फ्रेटवर आपटते, सूरही सरकतो. म्हणून अशा गिटारला एक नंबर जाड तारा लावाव्यात. पोट लहान म्हणजे आत हवा कमी, म्हणजे खर्जाचा घुमारा कमी. हा मापाचा हिशेब आहे. तो शिसवीने भरून निघत नाही.

मग बघायचं काय? पैसे असतील तर वरची फळी एकसंध स्प्रूसची आहे का ते बघा, याला 'सॉलिड टॉप' म्हणतात. ओळखायला सोपं आहे. मधल्या गोल भोकाच्या कडेला उजेडात डोकवा. वरच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरत असतील तर फळी एकसंध, पापुद्रे दिसले तर प्लाय. पाठीला मात्र प्लाय असली तर मी उलट बरंच म्हणेन. आपली पोरं राहतात पत्र्याखाली. एप्रिलमध्ये खोली भट्टी होते आणि जुलैत भिंतीला ओल येते. एकसंध लाकूड हवेतलं पाणी पिऊन फुगतं, सुकलं की आक्रसतं आणि तडकतं. एकमेकांवर आडवे-उभे पापुद्रे चिकटवलेलं लाकूड यात खूपच शांत असतं. शीरनने ज्या लिटल मार्टिनला प्रसिद्धी दिली, तिची पाठ आणि बाजू तर लाकडाच्याही नाहीत. त्या दाबून घट्ट केलेल्या कागदी लॅमिनेटच्या आहेत, वर महोगनीची छपाई. आपण स्वयंपाकघराच्या ओट्याखाली जो सनमाईका लावतो, त्याच्याच जातीचं ते. त्या गिटारवर माणूस हजारो लोकांसमोर गायला. आणि आमचं पोरगं दहा हजारांत खरी महोगनी मिळते का म्हणून डोकं खपवतं.

खरेदीला जाल तेव्हा ही कामं करा. मान डोळ्यांसमोर धरून तिच्या कडेने बघा, वाकडी दिसली तर ठेवून द्या. बाराव्या फ्रेटवर सगळ्यात जाड तार किती उंच आहे ते मोजा. अडीच मिलिमीटरच्या आसपास ठीक, तीनच्या वर गेली तर शिकणाऱ्याची बोटं रडतील आणि महिन्याभरात गिटार कोपऱ्यात जाईल. व्हर्नियर तुमच्या हातात रोजच असतो, एक दिवस असल्या कामाला वापरा. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा तरी वाजवा, कुठे झणझणते का ऐका. मोकळी तार आणि तीच बाराव्या फ्रेटवर दाबलेली, दोन्ही सूर जुळतात का ते मोबाईलमधल्या ट्यूनरवर तपासा. मानेच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवा, फ्रेटची टोकं टोचता कामा नयेत. याला अर्धा तास लागतो. दुकानदार वैतागला तर दुसऱ्या दुकानात जा. वेबसाइटवर फोटो बघून घेतलेल्या गिटारचं यातलं काहीच तपासता येत नाही, त्यामुळे तिथे विकायला लाकडाचं नावच उरतं.

आणि सगळे पैसे गिटारवर घालू नका. हजारभर रुपये बाजूला ठेवून एखाद्या जाणत्या कारागिराकडून नट, घोडी आणि मान नीट करून घ्या. साध्या गिटारला त्याने जो फरक पडतो तो लाकूड बदलून पडत नाही. उरलेल्यातून फोम असलेली जाड पिशवी घ्या. गिटार माळ्यावर, पत्र्याला लागून ठेवू नका आणि उन्हात उभ्या गाडीत तर अजिबात नाही, कारण उष्णतेने डिंक सैल पडतो आणि घोडी उचकटते. पावसाळ्यात पिशवीत सिलिका जेलच्या चार पुड्या टाका. कंपनीत सुट्या भागांच्या खोक्यांतून त्या रोज कचऱ्यात जातात.