‘ज्ञ’ कोठें बसावा ?

जावा भाषेंतील साध्या प्रोग्रामास नांवें क्रमवार लावावयास सांगितलें असतां ‘ज्ञानेश्वर’ हें नांव ‘जीवन’च्या पाठोपाठ व ‘झुंबर’च्या आधीं येऊन बसतें. बालवर्गापासून आपण वर्णमालेचा शेवट ‘ह, ळ, क्ष, ज्ञ’ असाच घोकीत आलों. शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली गेली तें नेवासें आपल्याच जिल्ह्यांत. तेव्हां ह्या नांवाची जागा चुकावी, हें आम्हांस तरी रुचत नाहीं.

१९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ह्या भाषेंत ‘इंटरफेस’ नांवाची एक सोय आहे. इंटरफेस म्हणजे करारनामा. कोणतें काम करून द्यावयाचें हें त्यांत लिहिलेलें असतें. तें कसें करावें, हें करार पत्करणाऱ्या वर्गानें ठरवावयाचें. ‘कंपॅरेबल’ ह्या इंटरफेसचा करार एवढाच कीं, दुसरी वस्तु पुढें ठेविली असतां स्वतः तिच्या आधीं येत असल्यास ऋण संख्या द्यावी, मागून येत असल्यास धन, बरोबरी असल्यास शून्य. जो वर्ग हें पत्करील त्याच्या वस्तु क्रमवार लावून मिळतात. मग त्या विद्यार्थ्यांच्या नोंदी असोत कीं कांद्याच्या पट्ट्या. युक्ति मोठी सुरेख आहे.

जावांतील अक्षरमालिका हा करार युनिकोडच्या क्रमांकांवरून पाळते. त्यांत क्ष व ज्ञ यांस स्वतंत्र क्रमांकच नाहींत. ‘ज्ञ’ हा ज् व ञ यांच्या जोडीनें लिहिला जातो, म्हणून तो ‘ज’च्या घरीं जातो, आणि ‘ळ’ तर ‘ल’ला लागूनच, ‘व’च्या आधीं! कंपायलर तक्रार करीत नाहीं. मेथडचें नांव व तिचा घाट जुळला म्हणजे त्याचें समाधान झालें.

कोणी म्हणतील, यांत करार मोडला कोठें ? तोही एक क्रमच आहे. खरें आहे, कराराचें अक्षर पाळलें गेलें, मराठी वाचकाची अपेक्षा मात्र राहिली. बार्बरा लिस्कोव्ह व जॅनेट विंग ह्या विदुषींनीं १९९४ सालच्या निबंधांत नांवांच्या जुळणीहून वर्तनाच्या जुळणीवर भर दिला, तो उगीच नव्हे.

उपाय जावांतच आहे. ‘कंपॅरेटर’ हा दुसरा इंटरफेस तुलनेचें काम तिऱ्हाइताकडे सोंपवितो. मराठी क्रम जाणणारा एक वर्ग लिहून दिला कीं, क्रम लावणाऱ्या प्रोग्रामची एक ओळही न बदलतां ज्ञानेश्वर आपल्या जागीं जातो. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, इंटरफेस शिकवितांना कुत्र्यामांजरांचीं उदाहरणें पुरे झालीं. वर्गाचा हजेरीपटच मुलांपुढें ठेवावा. ‘लक्ष्मण’ हा ‘लहू’च्या आधीं कीं नंतर ? अनुस्वार कोठें धरावा ? ह्यांचीं उत्तरें कंपायलरपाशीं नाहींत. त्यासाठीं मराठीच्या शिक्षकांस संगणकाच्या वर्गांत बोलवावें लागेल, आणि वेळापत्रकांत आठवड्यास एक तास त्यांस सहज देतां येईल.