नामार्थांचा बाजार

मुलाचें बारसें ठरलें कीं हल्लीं आत्याबाईंच्या आधीं पुस्तिका घरांत येते. हजारों सुंदर नांवें, अर्थांसह, असें तिच्या मुखपृष्ठावर छापलेलें असतें, आणि आंत प्रत्येक नांवापुढें संस्कृत वाटेल असा कांहींतरी अर्थ मांडून ठेविलेला असतो. आईबाप तो वाचतात, हरखतात, आणि पाहुण्यांना सांगतात. या पुस्तिकांविषयीं आमच्या विद्वानांनीं उपेक्षेचें मौन पाळलें आहे. पोरखेळ म्हणून सोडून द्यावा, अशी त्यांची वृत्ति दिसते. ती मला मान्य नाहीं. वरवर निरुपद्रवी दिसणारा हा उद्योग आपल्या भाषेच्या व समाजाच्या इतिहासाचीं पानें फाडीत आहे, आणि तेंहि शास्त्राचा वेष घेऊन. म्हणून त्याचा समाचार घेणें प्राप्त आहे.

प्रथम नमुने पाहूं. ‘मायरा’ म्हणजे संस्कृतांत ‘प्रिया’, असें छातीठोकपणें सांगण्यांत येतें. संस्कृतांत असा शब्दच नाहीं. फुल्क ग्रेव्हिल (१५५४–१६२८) या इंग्रज कवीनें आपल्या कवितेंतील प्रेयसीसाठीं हें नांव घडविलें, आणि तेथून तें जगभर फिरलें. ‘रेयांश’ म्हणजे म्हणे विष्णूचा अंश, किंवा सूर्यकिरणाचा अंश. अंश समजला, विष्णूला किंवा किरणाला ‘रेय’ कोणत्या कोशांत म्हटलें आहे? किरणाचा इंग्रजी शब्द मात्र कानांत घुमतो खरा! ‘अथर्व’ म्हणजे गणपति, असें तर चांगलीं शिकलेलीं माणसेंहि सांगूं लागलीं आहेत. गणपत्यथर्वशीर्ष या नांवांत गणपति आहे आणि अथर्व आहे, एवढाच त्यास आधार. अथर्वन् हा वेदांतील अग्न्युपासक प्राचीन ऋषि. इराणी अवेस्तेंत त्याचाच भाऊबंद शब्द अग्निपूजक पुरोहितास लावलेला आहे. वेदांपासून इराणापर्यंत पसरलेली एवढी थोर हकीकत या नांवामागें उभी असतां, बापाच्या पदरांत पडला तो शेजारच्या शब्दावरून उचललेला अर्थ.

कोणीं मुलीचें नांव परक्या भाषेंतून घेतलें तर माझी हरकत नाहीं. माधव जूलियन यांनीं भाषाशुद्धीचा कैवार घेतला, तरी टोपणनांव ‘जूलियन’च राखलें, आणि त्यास संस्कृत धातु चिकटविण्याची खटपट केली नाहीं. माझें भांडण खोट्या वंशावळीशीं आहे.

हा रोग आजचा नव्हे. ‘विठ्ठल’ या शब्दाचे तीन तुकडे करून ‘ज्ञानशून्यांचाहि स्वीकार करणारा’ असा अर्थ जुन्या पंडितांनीं काढलेला आहे. भक्तास तो गोड वाटेल. पण शब्द असे तुकडे जुळवून जन्मास येत नाहींत. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनीं दुसरी वाट धरली. ‘विष्णु’चें कानडी वळणाचें रूप ‘बिट्टि’. त्यापासून विठ्ठल, असें त्यांनीं सुचविलें. होयसळ राजा विष्णुवर्धन हा बिट्टिदेव या नांवानेंहि प्रसिद्ध आहे, हा त्या तर्कास पुरावा. भांडारकरांचें मत सर्वांस पटलें आहे असें नाहीं. परंतु तें तपासतां येतें, खोडतां येतें. ‘रेयांश’ खोडावयाचा कशानें?

पण जें छापलें जातें त्यापेक्षां जें वगळलें जातें त्यानें मला अधिक विषाद वाटतो. आळंदीहून पंढरीस जाणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या पालखीस ज्यांनीं शिस्त लावून दिली, त्या आरफळच्या बोवांचें नांव हैबतराव. ‘हैबत’ हा अरबी शब्द. दरारा हा त्याचा अर्थ. स्वतःस ज्ञानेश्वरकन्या म्हणविणारे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांच्या नांवांतील ‘गुल’ आणि ‘आब’ हे दोन्ही शब्द फारसी आहेत. शहाजी व शरीफजी या भावांचीं नांवें शाहशरीफ या पिराच्या नवसावरून पडलीं, हें तर परमानंदाच्या शिवभारतांतच सांगितलें आहे. वारकरी संप्रदाय त्यामुळें बाटला नाहीं, आणि भोसल्यांच्या कुळास उणेपणा आला नाहीं. मग हैबतराव, सर्जेराव, गुलाबराव यांना यादींतून हांकलण्यांत कोणतें सोंवळें राखलें जातें? देवगिरीचे यादव घ्या: भिल्लम, जैतुगि, सिंघण. ज्यांच्या आश्रयानें मराठी राजदरबारीं वावरूं लागली ते हे राजे आज जन्मते, तर पुस्तिकेनें त्यांना नापासच केलें असतें.

आणि धोंडू, दगडू, केरू, भिकू? यांचा अर्थ विचारून हंसण्याची सुशिक्षित घरांत रीत पडली आहे. येथें अर्थ विचारूं नये, कारण विचारावें. ज्या घरांत एकामागून एक मुलें पाळण्यांतच गेलीं, तेथें पुढच्याचें नांव दगडू ठेवीत, कीं मृत्यूनें त्याला टाकाऊ समजून पुढें जावें. मूल दुसरीच्या ओटींत टाकून भीक म्हणून परत मागून घेत, तो भिकाजी. मुलाचें नाक टोंचून त्याला मुलीप्रमाणें नथ घालीत, तो नथू. देवीची सांथ, वैद्यावांचूनचीं गांवें, भेदरलेल्या आईनें मृत्यूशीं केलेलें कपट, हें सारें या दोन अक्षरांत सांठलेलें आहे. कोशांतला अर्थ ‘दगड’. घरांतला अर्थ ‘हा जगो’. (धोंडो केशव कर्वे १०४ वर्षें जगले, नांवानें आपलें काम चोख बजावलें, असें कोणीं विनोदानें म्हटल्यास मी रागावणार नाहीं.)

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सगळींच ओबडधोबड नांवें मायेपोटीं ठेविलेलीं नव्हतीं. ब्राह्मणाचें नांव मंगल, क्षत्रियाचें बलसूचक, वैश्याचें धनसूचक आणि शूद्राचें निंद्य असावें, असें मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत स्पष्ट सांगितलें आहे. ज्यांच्यावर तसलें नांव लादलें गेलें त्यांनीं तें फेकून द्यावें. तें जपण्याचा उपदेश करण्याचा अधिकार माझ्यासारख्यास नाहीं. १९५६ सालच्या धर्मांतरानंतर गौतम, सिद्धार्थ, प्रज्ञा हीं नांवें वस्त्यावस्त्यांतून आलीं. तीं कोठून घेतलीं व कां घेतलीं हें घेणारे ताठ मानेनें सांगत आले आहेत. तीच गोष्ट ‘नकुशी’ची. मुलगी नको होती, पुढचा तरी मुलगा व्हावा, म्हणून तिला हें नांव. जन्मभर तिनें हांकेला ‘ओ’ द्यावयाची ती या नकाराला! २०११ च्या ऑक्टोबरांत सातारा जिल्ह्यांतील २८५ नकुशींना समारंभपूर्वक नवीं नांवें दिलीं गेलीं, हें फार चांगलें झालें. परंतु दगडू आणि नकुशी यांतला फरक ‘अर्थ’ या एका रकान्यांत कसा मावणार? कोश दोघांनाहि अशुभ म्हणेल. एकाला मात्र घरानें जिवापाड धरून ठेविलें होतें, आणि दुसरीला दारांतच अडविलें होतें.

पुस्तिका काढणारांना आणखी दोन रकाने घालणें जड जाऊं नये: नांव कोणत्या भाषेंतलें, आणि तें कोण, कशासाठीं ठेवीत आले. ‘मायरा’पुढें ग्रेव्हिलचें नांव लिहावें, हैबतरावांना परत आंत घ्यावें व पुढें ‘अरबी’ असें निर्भयपणें छापावें, दगडूपुढें दृष्टीची आणि गेलेल्या भावंडांची हकीकत द्यावी. ‘रेयांश’पुढें संपादकांना जें सांपडेल तें घालावें, आणि कांहींच न सांपडल्यास ती जागा कोरी ठेवावी.