तिरंगा एक, नियम दोन?

उत्तेजक द्रव्यांचा अंश स्पर्धेपूर्वीच शरीरातून नाहीसा होऊ शकतो. म्हणूनच अचानक चाचणी घेता यावी यासाठी निवडक खेळाडूंना रोजचा एक तास व ठिकाण आगाऊ कळवावे लागते. बारा महिन्यांत तीनदा चुकल्यास दोन वर्षांपर्यंत बंदी! आखाड्यातील मल्ल या नियमाला बांधील असताना, २००९ साली क्रिकेट नियामक मंडळाने मात्र सुरक्षितता व खासगीपणाची ढाल पुढे केली. खासगी आयुष्य काय केवळ धनवंतांनाच असते? मल्लाच्या घराला दार नसते? २०१९ साली मंडळाने ‘नाडा’ या राष्ट्रीय यंत्रणेची चाचणी स्वीकारली. पण त्यासाठी दहा वर्षे जावी लागली. नियम जाचक असेल तर तो सर्वांसाठी सुधारावा. न्याय्य असेल तर सर्वांनी पाळावा. छातीवर तिरंगा मिरवणाऱ्यांत पंक्तिप्रपंच नको!