पाटणचा शिलालेख, भास्कराचार्य आणि हर्षद संख्या

मित्रहो, आजचा धागा थोडा लांबेल. विषय गणिताचा भासेल, परंतु वाद इतिहासाचा आहे.

ज्या संख्येचे स्वतःखेरीज सर्व भाजक मिळवले असता तीच संख्या येते, तिला परिपूर्ण संख्या म्हणतात. ६ चे भाजक १, २, ३, बेरीज ६. २८ चे १, २, ४, ७, १४, बेरीज २८. ‘या संख्या प्रथम भास्कराचार्यांनी शोधल्या, पाटणादेवीचा शिलालेख हा त्याचा पुरावा’, अशा धर्तीचे दावे आपल्यापैकी अनेकांनी अभिमानाने पुढे धाडले असतील. माझे स्पष्ट मत असे की, हा अभिमान भास्कराचार्यांवर अन्याय करतो. परिपूर्ण संख्यांचा नियम युक्लिडच्या ग्रंथात आहे, म्हणजे भास्कराचार्यांच्या सुमारे चौदाशे वर्षे आधीचा. ‘लीलावती’त त्यांचे प्रकरणच नाही.

मग शिलालेखात आहे तरी काय? चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवरील पाटण येथील हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये अभ्यासकांपुढे आणला. त्यावर शके ११२८ चा अंक आहे, म्हणजे स्थूलमानाने इ. स. १२०६-०७. त्यात भास्कराचार्यांच्या कुळाची वंशावळ आहे. त्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांस यादव राजा जैत्रपालाने याच नगरातून आपल्याकडे नेले. नातू चांगदेव हे सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी. या चांगदेवांनी आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून मठ स्थापिला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने त्यास श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणसमयी दान दिले. भास्कराचार्यांचा जन्म येथे झाला, असे मात्र लेख म्हणत नाही. विज्जडवीड नेमके कोणते, हा वाद पाटणचा दगड मिटवू शकत नाही.

मला या लेखातील सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो शेवटचा. आरंभीची स्तुती व वंशावळ संस्कृतात आहे. देण्याघेण्याचा तपशील येताच लेख मराठीत उतरतो. पाटणच्या पेठेत विक्रीस येणाऱ्या मालावरचा राजाकडे जाणारा वाटा आता मठाला, तेलाच्या घाण्यांमागे थोडेथोडे तेलही मठाला. ज्यांनी हे द्यायचे त्यांना ते कळले पाहिजे, एवढे साधे कारण मला त्यामागे दिसते. आठशे वर्षांपूर्वी खानदेशातील तेल्याच्या घाण्यावर गणिताची पाठशाळा चालावी, याहून मोठा अभिमान कोणता? तो सोडून आपण युक्लिडचे श्रेय कशाला ओढून आणावे?

आता भाजकांकडे वळू. ‘लीलावती’त कुट्टकाच्या आरंभी अपवर्तन येते: दोन संख्यांना परस्परांनी भागत जावे, शेवटी जो शेष उरतो तो दोहोंचा सामाईक भाजक. पुढे १३५६ मध्ये नारायण पंडितांनी ‘गणितकौमुदी’त संख्येचे भाजक शोधण्यास स्वतंत्र प्रकरण दिले. आपल्या परंपरेतील भाजकविचार हा असा आहे, हिशोबाचा आणि रीतीचा.

आणि भाजकांवरून ठरणारा एक संख्याप्रकार खरोखर आपल्या मातीतला आहे. फक्त तो बाराव्या शतकातला नव्हे, विसाव्यातला. चाळीसगावहून मुंबईकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर नाशिकरोडनंतर देवळाली लागते. तेथील शाळेत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) शिकवीत. ६१७४ मुळे त्यांचे नाव जगभर झाले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला त्यांनी ‘हर्षद’ म्हटले, म्हणजे आनंद देणारी. पाश्चात्त्य लेखनात तिलाच निव्हेन संख्या असेही म्हणतात. आपण तरी हर्षदच म्हणावे. १९९३ मध्ये कूपर व केनेडी यांनी सिद्ध केले की, लागोपाठ २० हर्षद संख्या सापडतात, २१ कधीच नाहीत.

शिलालेखाचा शक पाहा: १+१+२+८ = १२, आणि ११२८ ÷ १२ = ९४. शके ११२८ हर्षद! हा निव्वळ योगायोग आहे. कृपया याचा नवा संदेश करून ‘चांगदेवांना हर्षद संख्या ज्ञात होत्या’ असे फिरवू नका.

खरा धागा निराळाच आहे. ‘लीलावती’च्या अखेरच्या अंकपाश प्रकरणात प्रश्न येतो: शून्य न वापरता, ज्यांच्या अंकांची बेरीज १३ आहे अशा पाच अंकी संख्या किती? उत्तर ४९५. अंकांच्या बेरजेवरून संख्यांची मोजदाद भास्कराचार्यांनी केली. त्या बेरजेने भाग जातो का, हे कापरेकरांनी विचारले. दोहोंमध्ये आठशे वर्षांचे अंतर आहे. एकाने दुसऱ्याकडून घेतले, असा माझा दावा नाही. दोन प्रश्न शेजारी ठेवता येतात, इतकेच.

ते ठेवून पाहा. त्या ४९५ पैकी सर्वांत लहान ११११९. तिला १३ ने भाग जात नाही. पुढची १११२८, ती १३ × ८५६, म्हणून हर्षद. उरलेल्या ४९३ तुमच्यावर सोपवतो. उत्तरे खाली लिहा, रीतीसह.