हौस साहेबांची, घाम कुणाचा?

छावणीतल्या बंगल्यांच्या व्हरांड्यांत हल्ली ओबडधोबड लाकडी बाक फार दिसू लागले आहेत. साल तशीच ठेवलेली फळी, वाकडेतिकडे पाय, वर पॉलिशचा हात. पाहुण्यांनी कौतुक केलं की यजमान सहज म्हणतात, "मीच बनवलं." जरा खोदून विचारलं की कळतं, साहेबांनी मोबाइलवर फोटो दाखवला होता. रंधा मारला तो युनिटच्या सुताराने, आणि तोही बहुधा रविवारी.

माझं भांडण या 'मीच'शी आहे.

मोकळ्या वेळात लाकडाचं सामान बनवणं हा उत्तम छंद आहे आणि फौजी माणसाला तो विशेष मानवतो. पण वेळ आपला असेल आणि घामही आपला असेल, तरच तो छंद. सॅपर्समध्ये सुतारकाम हा रीतसर ट्रेड आहे. तो जवान फौजेच्या कामासाठी शिकवून तयार केलेला असतो. त्याच्या सुटीच्या दिवशी आपला व्हरांडा सजवून घ्यायचा, ही वेठ झाली. "अहो, तो आनंदाने करतो," हे उत्तर मला देऊ नका. जवानाने साहेबाला तोंडावर 'नाही' म्हटलेलं तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत?

दुसरा आक्षेप आपल्या मराठी घरांतून येतो. "एवढा शिकलास, कर्नल झालास, आणि करवत घेऊन बसतोस?" बारा बलुतेदारांत सुतार होता. गावाचा नांगर, बैलगाडी, घराचं दार त्याच्यावाचून होत नव्हतं. तरी गावच्या उतरंडीत त्याला कुठे बसवलं जायचं, हे आपल्याला ठाऊक आहे. हाताने काम करणारा खालचा, ही समजूत आपण शिकून टाकून दिली नाही. पदवीबरोबर घरी आणली. आज इंजिनिअरच्या घरात धड पटाशी सापडत नाही. खडकवासल्याला पहिल्या टर्मपासून स्वतःचे बूट स्वतः घासायला लावतात, ते काही नुसते बूट चमकावेत म्हणून नव्हे. पण कमिशन मिळून चार वर्षं झाली की तो धडा आपण ब्रशसकट दुसऱ्याच्या हाती देतो.

सध्या पोस्टिंग रुडकीला आहे, म्हणून उदाहरण इथलंच. बंगाल सॅपर्सचं केंद्र 1853 पासून या गावात आहे आणि गावाच्या नावाची एक खुर्चीही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छावणीसाठी ती तयार झाली. चार पाय, त्यांना जोडणाऱ्या दांड्या, कॅनव्हास आणि पट्टे. खिळा नाही, सरस नाही. दांड्यांची टोकं निमुळती आणि पायांतली भोकंही निमुळती. माणूस बसला की जोड अधिक घट्ट बसतात आणि जमीन उंचसखल असली तरी चारही पाय टेकतात. उठलात की सुटी करा, गुंडाळा, सामानात टाका. डेन्मार्कच्या कोरे क्लिंट यांनी 1933 साली नावाजलेली 'सफारी' खुर्ची केली, ती याच खुर्चीवरून.

आणि आपण काय करतो? दर दोन-तीन वर्षांनी बदली ठरलेली, तरी भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं कपाट हप्त्यावर घेतो. एकदा काढलेला स्क्रू त्या फळीत पुन्हा नीट धरत नाही. ट्रकमध्ये पावसाचं पाणी लागलं की फळी फुगते. तिसऱ्या पोस्टिंगपर्यंत ते कपाट क्वचितच पोचतं.

"मग सुतारांनी खायचं काय?" हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचं उत्तर देतो. सुताराच्या पोटावर पाय येतो तो त्या दाबीव फळ्यांमुळे, हौशी माणसामुळे नाही. ज्याने शिसमची एक तरी फळी स्वतः सपाट केली आहे, त्याला माहीत असतं की तिचे तंतू उलटसुलट जातात. रंधा वीतभर गुळगुळीत चालतो आणि पुढच्या वितीला लाकूड उपटून काढतो. असा माणूस जवळच्या सहारनपूरच्या कारागिराशी पुन्हा घासाघीस करायला धजणार नाही.

सामान फार लागत नाही. करवत, रंधा, दोन पटाश्या, गुण्या, गिरमिट. सॉ-मिलवाला सालीसकट कडेची फळी स्वस्तात देतो. ओली घेऊ नका. हवेवर वाळायला इंचभर जाडीला साधारण वर्ष लागतं. लाकूड रुंदीत फुगतं-आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. रुंद फळी खिळ्यांनी जखडलीत तर ती चिरणार. जोड पाचरीचे ठेवा, म्हणजे बदलीच्या वेळी सुटे करता येतील.

अडलात तर युनिटच्या सुताराकडे जरूर जा, पण शिकायला जा. त्याच्या सोयीची वेळ विचारा, चहा तुम्ही करा आणि पटाशी तुमच्याच हातात राहू द्या. निवृत्त झालेल्या सीनिअर्सना तर माझी वेगळी विनंती आहे. हुकूम द्यायला आता कुणी नाही, हे अनेकांना जड जातं. लाकूड तसाही कुणाचा हुकूम मानत नाही. घरामागे एक जुनं टेबल टाका आणि सुरुवात करा.