सागरी सहल आणि वैद्याची पुडी

सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझवर निघालेली मराठी कुटुंबे अलीकडे सहलीपूर्वी ‘उलटीवर काही द्या’ म्हणत आपल्याकडे येतात. आपण सुंठीची पुडी देतो आणि मोकळे होतो. एवढ्यावर वैद्याचे काम संपत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

जहाज कोणकोणत्या बंदरांना लागणार, हे आधी विचारावे. अतिसारात आपण सहज योजतो त्या जातीफलादि चूर्णाच्या पाठात भांग आहे आणि सिंगापूरचा अमली पदार्थविषयक कायदा अत्यंत कठोर आहे. तेथे शार्ङ्गधराचा दाखला कोणी ऐकून घेणार नाही. भोगावे लागेल ते रुग्णाला. असे कल्प बरोबर देऊच नयेत. जे द्यावयाचे ते मूळ वेष्टनात, घटकद्रव्ये वाचता येतील असे, सुवाच्य चिठ्ठीसह द्यावे. मधुमेहाची, रक्तदाबाची चालू औषधे हातपिशवीत ठेवण्यास सांगावे. मोठे सामान खोलीवर पोहोचण्यास कित्येक तास लागू शकतात.

खोली जहाजाच्या मध्यभागी व खालच्या मजल्यावर घेतल्यास हेलकावे कमी जाणवतात. मळमळल्यास मोकळ्या हवेत क्षितिजावर दृष्टी स्थिर करावी. छर्दीचा वेग आलाच तर रोखू नये. तो अधारणीय आहे.

समुद्रापेक्षा मला भीती वाटते ती बुफेची! दिवसभर मांडलेल्या अन्नाने अध्यशन न घडेल तरच नवल. पहिले पचल्यावाचून दुसरे ताट घेऊ नये. हात साबणपाण्यानेच धुवावेत; जहाजांवर उलट्या-जुलाबांची साथ पसरविणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझरची मात्रा फारशी चालत नाही.